सांडेल, सांडू द्या

बाळाला पेल्याने प्यायला कधी शिकवायचं, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळतं, ‘जरा मोठं होऊ दे, आत्ता सगळं सांडेल.’ मग अंगावरच्या दुधाच्या जोडीला बाटली येते, बाटलीनंतर चोचीचा झाकणबंद सिपर येतो, सिपरनंतर बालवाडीची नळीवाली बाटली येते, आणि साधं उघडं फुलपात्र हाती पडेपर्यंत मूल तीन वर्षांचं झालेलं असतं. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गानेच घालून दिला असावा असं वाटतं. माझ्या मते तो उलटा आहे. उघडं भांडं सुरुवातीलाच यायला हवं. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की त्याच आठवड्यात. बाटली वापरात असलीच तर ती पहिल्या वाढदिवसाच्या आसपास घरातून जावी. मधल्या सिपरची गरज बाळाला नसतेच, ती असते घरातल्या सतरंजीला.

एवढ्याशा जिवाला भांड्याला ओठ लावून पिता येतं का, ही शंका आधी निकालात काढू. येतं, आणि सहा महिन्यांच्या कितीतरी आधी येतं. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या ज्या बाळांना स्तनपान जमत नाही, पण तोंडाने दूध घेता येतं, त्यांना वाटीने, बोंडल्याने किंवा चमच्याने पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. बाटली त्या यादीत नाही. इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या सँड्रा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नवजात बाळांना छोट्या पेल्याने दूध पाजण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तीही अशाच बाळांसाठी. आपल्याकडच्या नवजात कक्षांत परिचारिका आईला वाटी-चमचा धरायला शिकवतात, त्यामागे हाच विचार आहे. इतकी लहान बाळं कडेला टेकलेलं दूध जिभेने चाटून घेतात. सहा महिन्यांच्या बाळाची तयारी याहून पुष्कळ पुढची असते. मान सावरलेली असते, टेकू दिला की ते बसतं, आणि तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत सवय ओसरू लागलेली असते. चोखणं बाळ जन्मतःच जाणतं, ते शिकवावं लागत नाही. पेल्याने पिणं मात्र शिकावं लागतं. कडेवर खालचा ओठ धरायचा, जबडा स्थिर ठेवायचा, लहानसा घोट आत घ्यायचा आणि क्षणभर श्वास रोखून तो गिळायचा, ही सगळी जुळवाजुळव सरावानेच येते. सुरुवातीला जबडा डळमळतो, काही मुलं तो स्थिर करायला भांड्याची कडच चावून धरतात, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत थोडंफार सांडतंच.

आता मुख्य मुद्दा. सहा ते बारा महिन्यांत बाळाच्या पोषणाचा मोठा भार आईच्या दुधावर किंवा त्याच्या जागी दिल्या जाणाऱ्या पावडरच्या दुधावर असतो. वरचं अन्न हळूहळू वाढत असतं, आणि पाणी लागतं ते घासासोबत चार घोट. म्हणजे या काळात पेल्यावर कसलीच जबाबदारी नसते. दोन चमचे पाण्यातलं दीड चमचा लाळेऱ्यावर गेलं तरी बाळाचं काहीही बिघडत नाही. पुसायला फडकं लागतं, एवढंच. हीच सुरुवात दीड वर्षापर्यंत लांबवली तर काय होतं पाहा. मूल तोवर दिवसाचं सगळं दूध बाटलीने पीत असतं. पहिल्याच दिवशी तेच दूध पेल्यात दिलं की निम्मं जमिनीवर जातं, निम्मं पेल्यात राहतं, ‘पोट भरलं नाही गं त्याचं’ म्हणून आजीचा जीव कासावीस होतो आणि संध्याकाळी बाटली परत येते. सांडण्याची अडचण खरीच असते, पण ती उशिराने तयार झालेली असते. ज्या महिन्यांत सांडणं फुकट होतं ते वाया घालवले, म्हणून आता ते महाग पडतं. शिवाय दीड वर्षाच्या मुलाला स्वतःची मतं असतात. सहा महिन्यांच्या बाळाला नवी वस्तू दिली तर ते तोंडात घालून बघतं, अठरा महिन्यांचं ती भिरकावून देतं.

पद्धत अगदी साधी आहे. बाळाला ताठ बसवायचं, हातात मावेल असं लहान, गुळगुळीत काठाचं फुलपात्र घ्यायचं, त्यात तळाशी थोडं पाणी. कड खालच्या ओठावर टेकवायची आणि पाणी ओठाला लागेल इतपतच भांडं कलतं करायचं. घोट बाळाने घ्यायचा, आपण ओतायचं नाही. बहुतेक ठसके नेमके इथे लागतात. मोठ्या माणसाचा हात घाई करतो आणि दोष पेल्यावर येतो. पाण्यापेक्षा दाट पेज हळू वाहते, म्हणून काही बाळांना आधी ती सोपी जाते. वरणाच्या नुसत्या पाण्यावर मात्र बाळ वाढवू नये. सरावाला ते चालेल, जेवण म्हणून नाही. एक-दोन आठवड्यांत बाळ दोन्ही हातांनी भांडं ओढू लागतं. तेव्हा ते त्याच्या हातात द्यायचं आणि आपण फक्त बूड धरायचं.

तरीही सिपर का विकला जातो? ज्या कामासाठी तो बनला ते काम तो चोख करतो म्हणून. अमेरिकेत १९८० च्या दशकात रिचर्ड बेलांजर नावाच्या अभियंत्याने आपल्या मुलाच्या सांडलवंडीला कंटाळून झाकणात झडप असलेला पेला तयार केला. हेतू प्रामाणिक होता, आणि तो फरशी कोरडी ठेवण्याचा होता. झडपेच्या चोचीतून द्रव बाहेर काढायला मुलाला जोर लावून चोखावं लागतं, म्हणजे बाटलीचीच क्रिया पुन्हा करावी लागते. अशा सिपरने मूल पेल्याकडे एक पाऊल सरकतं, हा निव्वळ समज आहे. त्यातून झडप, चोच आणि झाकणाच्या खाचा धुणं कटकटीचं. २०१६ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला सुमारे ३१ लाख सिपी कप परत मागवावे लागले, कारण झडपेत बुरशी धरत होती. हा धडा जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या दूधबाटल्या घरोघरी होत्या. नळीच्या आतून साफसफाई होत नसे, बाळं आजारी पडत, मरत, आणि अखेर फ्रान्सने १९१० मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. ज्या भांड्याच्या आत बोट फिरत नाही ते बाळाच्या तोंडाला लावू नये, हा नियम पाणी उकळून पिण्याची सोय नसलेल्या घराला तर दुप्पट लागू आहे. आपल्या देशात १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याने दूधबाटलीच्या जाहिरातीला आणि फुकट वाटपाला मनाई केली. व्याख्येत बाटलीसोबत बूच आणि झडपही घेतली. पण ती व्याख्या आईच्या दुधाचा पर्याय पाजण्याच्या भांड्यापुरती आहे, आणि सिपर विकला जातो पाण्यासाठी, रसासाठी. म्हणून बाटलीची जाहिरात दिसत नाही आणि तिच्या चुलतभावाची जागोजागी दिसते.

सिपरविरुद्ध जे जे बोललं जातं ते सगळं मात्र खरं धरू नये. त्याने मुलाचं बोलणं अडखळतं, उच्चार बिघडतात, असं समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि तो नसताना आयांना घाबरवणं अन्यायाचं आहे. बाटली लांबल्याने मुलं लठ्ठ होतात, या दाव्याचंही असंच. सुमारे पावणेसात हजार अमेरिकन मुलांच्या २०११ च्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत बाटली असलेल्या मुलांपैकी जवळजवळ २३ टक्के मुलं साडेपाचव्या वर्षी लठ्ठ आढळली, इतरांत हे प्रमाण १६ टक्के होतं. पण नंतर न्यूयॉर्कमध्ये आयांना समजावून बाटली प्रत्यक्ष सोडवण्याचा प्रयोग झाला. त्यात बाटलीचा वापर घटला, वजनात मात्र फरक पडला नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. जे भक्कम आहे तेवढंच पुरे आहे. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, कारण झोपेत लाळ कमी होते आणि साखर दातांवर बसून राहते. दिवसभर हातात असलेला रसाचा सिपर जागेपणी तेच काम करतो. बाटली चालू राहिली की दूधही गरजेपेक्षा जास्त जातं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी असतं. दुधानेच पोट भरलेलं मूल भाकरी, डाळ, पालेभाजी कशाला खाईल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. याचा सगळा दोष बाटलीवर टाकणं मूर्खपणाचं ठरेल, कारणं अनेक आहेत. पण ज्या राज्यात दर तीनांतल्या दोन मुलांचं रक्त कमी आहे तिथे दुधाची बाटली जेवणाची जागा अडवते, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. दुखापतींचाही एक हिशेब आहे. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत बाटली, चोखणी किंवा सिपी कपमुळे इजा झालेली तीन वर्षांखालची सुमारे ४५ हजार मुलं अमेरिकेतल्या तातडीच्या उपचारकक्षांत आली. त्यांत बाटल्यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि कारण बहुतेक वेळा एकच होतं, ती वस्तू वापरत असताना मूल पडलं. उघडं फुलपात्र घेऊन कुणी घरभर हुंदडत नाही. प्यायला बसावं लागतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप कामावर जाणाऱ्या आईचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे कामावर परतायची वेळ येते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. आई नसताना बाळाने प्यायचं कशातून, हा प्रश्न नेमका तेव्हा उभा राहतो आणि पाळणाघराचं उत्तर ठरलेलं असतं, बाटली आणा. तिथल्या ताईंकडे आठ-दहा मुलं असतात. प्रत्येकाला मांडीवर घेऊन घोट घोट पाजायला वेळ कुठून आणणार? ही अडचण मी हसण्यावारी नेत नाही. पण आईने काढून ठेवलेलं दूध वाटीने पाजता येतं, हे अपुऱ्या दिवसांच्या बाळांनीच दाखवून दिलं आहे. रजेच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत घरी सराव झाला असेल तर पाळणाघरात लागणारा वेळही कमी होतो. ऊसतोडीला गेलेल्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला अशी रजाच नसते. तिचं बाळ थोरल्या बहिणीकडे असतं आणि बहिणीचा हात बाटलीकडे जाणार, हे उघड आहे. तिच्याकडून शिस्तीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण पाणी जिथे सर्वांत वाईट, तिथेच न धुतलेली बाटली सर्वांत घातक ठरते. स्टीलची वाटी राखेनेही घासली जाते.

हे सगळं म्हणजे ‘जुनं ते सोनं’ नव्हे. आपलं बोंडलं दवाखान्यात नवजात बाळासाठी उपयोगी आहे. पण घराघरांत ते वापरलं गेलं ते पाय पसरून, बाळ आडवं घेऊन, चोचीने थेट घशाकडे धार सोडत. त्यात बाळाला काही शिकायला वाव नव्हता आणि ठसक्याचा धोका होता. म्हणून मी फुलपात्राची बाजू घेतो, बोंडल्याची नाही. टाळू दुभंगलेली मुलं, गिळायला त्रास होणारी, स्नायूंचा ताण कमी-जास्त असलेली मुलं यांच्या बाबतीत वेगळी बाटली किंवा खास भांडं लागू शकतं. तिथे वर्तमानपत्री मत बाजूला ठेवून उपचार करणाऱ्यांचं ऐकावं.

उरते झोपेची बाटली. ती सोडवणं अवघड असतं, कारण तिथे प्रश्न दुधाचा नसून मायेचा असतो. म्हणून ती शेवटी सोडवावी. दुपारची आधी, सकाळची नंतर, रात्रीची सगळ्यांत शेवटी, आणि तिच्या जागी मांडी, थोपटणं, अंगाई यांतलं काहीतरी यावं. रात्रीचं दूध जेवणासोबत पेल्यात द्यावं, मग दात पुसून झोपवावं. हे कुणी सांगायचं? नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बहुतेक बाळं आरोग्य केंद्रात येतात. त्या दिवशी वजन-उंचीसोबत ‘बाळ पेल्याने पितं का?’ एवढं विचारून अंगणवाडी ताईने किंवा परिचारिकेने एकदा करून दाखवलं, तर त्याला ना नवी योजना लागते ना निधी. लागतं एक फुलपात्र, आणि ते प्रत्येक केंद्रात पाण्याच्या माठाशेजारी आधीपासून आहे.