गाण्याचाही सातबारा हवा

बांध हातभर सरकला तर आपण मोजणी आणतो. चाकणच्या एमआयडीसीला जमिनी गेल्या तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हिस्सा किती आण्याचा, यावरून सख्खे भाऊ एकमेकांना दुरावले. कागदाची किंमत खेड-मावळच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. पण गाणे केले, की सगळा व्यवहार तोंडी!

हल्ली गावोगाव असे चालते. ग्रामदैवतावर गीत लिहिणारा शेतकरी, चाल लावणारा भोसरीला पाळीवर जाणारा, गाणारी पोरगी चिखलीची. रेकॉर्डिंगचे पैसे चौथाच देतो आणि मोबाईलवर गाणे त्याच्याच नावाने चढते. जत्रेत वाजते तोवर सगळे जिवाभावाचे. चार पैसे यायला लागले, की भांडण. मीही एका गीताला शब्द दिले होते. आज त्यावर माझे नाव नाही. कागद केला नाही, मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?

जुन्या लोकांना नोंदीची किंमत होती. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आपल्या सुदुंबऱ्यातच आहे. शाहीर लावणीच्या शेवटी आपले नाव गुंफीत. पण नावाने मान मिळतो, वाटा ठरत नाही. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या. १९४५ साली ते पुण्यात गेले ते हलाखीतच.

कायदा तसा कलावंताच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याने शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण निर्मात्याचे. गायक-वादकांचा हक्क वेगळा. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षे धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा निर्मात्याला लिहून देताच येत नाही. शब्द-चालीचा हक्क कर्त्याच्या पश्चात ६० वर्षे चालतो, म्हणजे प्रश्न नातवांचाही आहे.

मात्र दोघांनी पारावर बसून चाल बांधली, तर कुणाची किती, हे कायदा कसे सांगणार? ते त्याच दिवशी लिहावे, स्टुडिओत जायच्या आधी. गाण्याचे नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, खर्च कुणाचा, शंभरात कुणाचे किती, सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. साक्षीला सरपंच किंवा पोलीसपाटील असले तर उत्तमच. कॉपीराईट कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आमच्या भजनी मंडळाने यंदा अशी वही घातली आहे. पहिल्याच गाण्याला अडलो. कवीचे चाळीस, चालीचे चाळीस, हे पटकन ठरले. उरलेल्या विसात गाणारी आणि ढोलकीवाला. ढोलकीवाला म्हणतो, माझ्या ठेक्याशिवाय चाल उभी राहते का वाजवून दाखवा. त्याचे पाच की दहा, यावर येत्या एकादशीला पुन्हा बैठक आहे.