लिलावातला कॉम्प्युटर स्वस्त पडतो, पण कोणाला?

बीडच्या मोंढ्यात व्यापारी आधी माल हातात घेऊन बघतो, मग बोली लावतो. ऑनलाइन लिलावात बहुतेक जण फोटो आणि यादी बघूनच बोली लावतात. सगळी रिस्क इथूनच सुरू होते.

सध्या जुन्या कॉम्प्युटरकडे लक्ष जायला दोन कारणं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे ऑफिसांमधली चालू स्थितीतली मशीनही बाहेर निघतायत. दुसरीकडे, एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम महागली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवीन महाग, जुनं भरपूर. मग लिलाव खुणावणारच.

पण हा लिलाव होतो कुठे? २००० साली मुंबईत सुरू झालेली बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये विकत घेतली. ईबेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. एकेक लॅपटॉप बोलीवर घ्यायची ती सोय आता फारशी उरली नाही. आज सरकारी जुना माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर आणि जेमच्या फॉरवर्ड ऑक्शनमध्ये विकला जातो. तिथे सहसा एक नग मिळत नाही, अख्खा लॉट घ्यावा लागतो. माल ई-कचरा म्हणून काढला असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच जायला हवा. म्हणजे असे लॉट तुमच्या-माझ्यासाठी नसतातच.

जे लॉट खुले असतात, त्यांना ‘जसं आहे, जिथे आहे’ ही अट असते. वॉरंटी नाही, परत करणं नाही, उचलून नेणंही तुमच्याकडेच. बोली जिंकून मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत रक्कम जाऊ शकते.

आता हिशोब करू. समजा, पुण्यात २० कॉम्प्युटरचा लॉट ६०,००० रुपयांना सुटला. दिसताना एक नग ३,००० ला पडला. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८००. बीडपर्यंत टेम्पोचे ८,००० धरा. झाले ७८,८००. त्यातले १२ च चालू निघाले तर एक नग साधारण ६,५७० ला पडला. एसएसडी आणि विंडोजचं लायसन्स अजून वेगळंच.

ज्याला बंद आठ मशीनमधून रॅम, पॉवर सप्लाय, प्रोसेसर काढून वापरता येतात, त्या रिपेअरिंगवाल्याला हा सौदा परवडतो. लिलावात खरी कमाई त्याचीच. एकच लॅपटॉप हवा असलेल्या विद्यार्थ्याने सहा महिने वॉरंटीचा, पक्क्या बिलाचा रिफर्बिश्ड घेतलेला बरा.

तरी लॉट घ्यायचाच असेल तर एवढं करा:

– तपासणीच्या तारखेला स्वतः जा किंवा जाणकार माणूस पाठवा. ते जमत नसेल तर बोली लावू नका.
– बायोसला पासवर्ड आहे का बघा. कंपनीच्या लॅपटॉपवर ऑटोपायलटची नोंदणी राहिली असेल तर फॉरमॅट मारूनही तो कंपनीचाच लॉगिन मागतो.
– हार्ड डिस्कची हेल्थ क्रिस्टलडिस्कइन्फोने तपासा.
– सहाव्या-सातव्या जनरेशनचं मशीन असेल तर त्यावर लिनक्स चालवणार आहात असं धरूनच किंमत लावा.
– जास्तीत जास्त बोली आधीच कागदावर लिहा. ‘अजून पाचशेच तर आहेत’ या विचारातच लोक फसतात.
– व्हॉट्सॲपवर ‘सरकारी लिलावाचे लॅपटॉप’ म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर भरू नका. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

बोली लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: यातली निम्मी मशीन बंद निघाली तर मी त्यांचं काय करणार? उत्तर तयार असेल तरच पुढे जा.