मागचं धूसर करू नका

गेल्या वर्षी आजी गेली. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला. "अरे, फ्रेमसाठी आईचा एक चांगला फोटो पाठव. तुझ्याकडे ढिगाने असतील."

काकांचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या नोकरीचा पहिला बोनस मी एका सेकंडहँड डीएसएलआरवर उडवला होता आणि तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, कॅमेरा माझ्याच गळ्यात. शिवाय वीकेंडची भटकंती आहेच. हार्ड डिस्कवर ३१,००० फोटो. सिंहगडावरचे सूर्योदय, भिगवणचे फ्लेमिंगो, कासची फुलं (नुसत्या कासचे ११००. आणि त्यातल्या पाच फुलांचीसुद्धा नावं मला सांगता येणार नाहीत!).

रात्री दीडपर्यंत शोधत बसलो. आजी सापडलीच नाही असं नाही. ताईच्या हळदीच्या फोटोत तिच्या पिवळ्या गालामागे एक हिरवट डाग आहे. ते आजीचं लुगडं. भाच्याच्या वाढदिवसाला मेणबत्तीमागे दोन पांढरे गोल चमकतात. तो आजीचा चष्मा. असे चाळीसएक फोटो निघाले. प्रत्येकात आजी होती आणि एकातही दिसत नव्हती.

शेवटी फ्रेममध्ये गेला तो बँकेच्या पासबुकासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, मोठा करून. त्यात ती मॅनेजरवर रागावल्यासारखी बघते आहे.

हे असं का झालं ते मला नीट माहीत आहे, कारण मी ते मुद्दाम केलं होतं. माझ्याकडे ५० एमएमची एफ १.८ लेन्स आहे. बहुतेक हौशी लोक किट लेन्सनंतर हीच घेतात, कारण परवडते. हिचं छिद्र मोठं उघडतं, त्यामुळे फोकसमध्ये राहणारा पट्टा अगदी अरुंद होतो. जवळून काढलात तर डोळे स्पष्ट आणि कान धूसर. मागच्या माणसांचं तर विचारूच नका. या धूसरपणाला 'बोके' म्हणतात. आमच्या ग्रुपमध्ये "काय बोके आलाय!" यापेक्षा मोठी दाद नाही. (आजीला बरेच दिवस वाटायचं की मी मांजरांचे फोटो काढतो.)

तेराव्यानंतर एका रविवारी माळ्यावरचे जुने अल्बम खाली काढले. २००१ सालचा माझा चौथा वाढदिवस. कॅमेरा बाबांचा, कोडॅकचा केबी-१०. त्यात फोकस करायची भानगडच नव्हती. छिद्र बारीक, त्यामुळे समोरच्या माणसापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. मी केकसमोर, फ्लॅशने डोळे लालभडक. कंपोझिशन म्हणाल तर शून्य.

पण मागे काय काय आहे! भिंतीवर कालनिर्णय. टीव्हीवर आईने विणलेला रुमाल. फळीवर पितळेचे डबे. आणि स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत उभी असलेली आजी.

आई तो फोटो हातात धरून अर्धा तास बोलत होती. उत्सवमूर्तीबद्दल एक शब्द नाही. त्यातला मोठा डबा आत्याकडे कसा गेला, आजी पुऱ्या तळता तळता कशी बाहेर आली आणि मागे कढईतली पुरी कशी करपली... मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

फोटो काढताना महत्त्वाचं काय ते आपण ठरवतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती यादी उलटी होते. चेहरे आपल्याकडे शेकड्याने असतात. नाहीसा होतो तो मागचा पसारा.

आणि आता तर डीएसएलआरचीही गरज नाही. फोनचा सेन्सर एवढासा असतो, म्हणून त्याच्या फोटोत मुळातच बरंच काही स्पष्ट येतं. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आणला. आता साध्या फोनमध्येही तो असतो. यात सॉफ्टवेअर माणसाची कडा शोधतं आणि मागचं पुसट करतं. म्हणजे जे फुकटात मिळत होतं, ते घालवायला आमच्याच जमातीने रात्री जागून कोड लिहिलाय. धन्य आहे!

दुसरा गुन्हा डिलीट बटणाचा. आजीचे स्पष्ट फोटोही मी काढले असणारच. पण ती मध्येच बोलायची, हलायची, पदर सावरायची. "हललाय" म्हणून तिथल्या तिथे उडवले.

इथे मला जाक आंरी लार्तीग आठवतो. १८९४ मध्ये जन्मलेला हा फ्रेंच माणूस स्वतःला चित्रकार समजायचा. फोटो ही त्याची लहानपणापासूनची हौस. भाऊ, बहिणी, त्यांच्या उड्या, घरी बनवलेली विमानं, सगळं टिपून अल्बममध्ये चिकटवायचा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ मध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. त्याचा एक गाजलेला फोटो शर्यतीच्या गाडीचा आहे. गाडी अर्धी कापली गेलीये, चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागची माणसं उलट्या दिशेला कललीयेत. हा फोटो फसला, असं समजून त्याने तो बाजूला ठेवून दिला होता. नशीब, त्याच्या कॅमेऱ्याला डिलीट बटण नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बोके वाईट का? अजिबात नाही. भिगवणच्या पक्ष्यामागचा गढूळ किनारा गेला तर जाऊ दे. पण घरात, मंडईत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मागचं ठेवा. मी आता अशा ठिकाणी एफ ८ वर येतो. घरात उजेड कमी पडतो, आयएसओ वाढवावा लागतो, फोटोत दाणे दिसतात. दिसू देत. हललेले फोटो वर्षभर उडवायचे नाहीत. आणि डिसेंबरमध्ये ३६ फोटो निवडून, म्हणजे बरोबर एका रोलएवढे, प्रिंट करायचे. मागे पेन्सिलीने कोण, कुठे, कधी तेही लिहायचं.

गेल्या रविवारी आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी दारातूनच फोटो काढला. ओटा, मिक्सर, गॅसवर उतू गेलेलं दूध, सगळं घेतलं.

"अरे, मागे केवढा पसारा आहे. थांब, आवरते," आई म्हणाली.

मी तोवर दुसराही काढला.