कॅम्परची पायरी आणि समुद्राकडचं दार

आज जरा भांडायचंय. विषय ऐकून हसाल, पण हसून झालं की वाचा. विषय आहे पायरी. भाड्याने कॅम्पर देणाऱ्यांच्या जाहिरातीत एसी असतो, टीव्ही असतो, बार्बेक्यू असतो, दोऱ्यावर लटकवलेले दिवे असतात. दाराखालची पायरी जमिनीपासून किती उंच आहे, हा आकडा मला अजून एकाही जाहिरातीत दिसलेला नाही.

2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता विकांताला मुंबई-ठाण्याची मंडळी कॅम्पर घेऊन निघतात. आम्ही गेलो झाईला. तलासरी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं वरचं टोक, पुढे गुजरातचं उंबरगाव. अलीकडे बोर्डी, सुरूची झाडं, घोलवडच्या चिकूच्या वाड्या. जागा झकास. पण सपाट? वाडीत म्हणाल तर आळी आणि पाण्याचे पाट, सुरूत म्हणाल तर मुळं, आणि सगळी जमीन हळूच समुद्राकडे उतरती.

आता थोडं गणित. (इंजिनियरचा ब्लॉग आहे, इलाज नाही :)) आमच्या गाडीची मापं मी टेपने घेतली. सपाट रस्त्यावर बाहेर ओढायची पायरी जमिनीपासून 35 सेंमी, पुढच्या दोन पायऱ्या 20-20. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या पायरीला जास्तीत जास्त 19 सेंमी उंची देते, सार्वजनिक इमारतीत 15. म्हणजे सपाटीवरच आपण जवळपास दुपटीवर आहोत.

जमीन वीसास एक उतरती धरा. डोळ्यांना हा उतार कळतही नाही. दोन्ही बाजूंच्या चाकांत अंतर 1.6 मीटर, म्हणजे समुद्राकडची चाकं 8 सेंमी खाली. तिरक्या गाडीत झोपवत नाही आणि पाणी नीट वाहून जात नाही, म्हणून चाकांखाली पाचरी घालून ती बाजू 8 सेंमी उचलायची. आपलं दार डावीकडे असतं. बोर्डीहून उत्तरेला झाईकडे तोंड करून गाडी लावली की डावी बाजू म्हणजे समुद्र. म्हणजे जी बाजू उचलली, तिथेच दार! 35 अधिक 8 झाले 43. पायरीखालची जमीन चाकापासून आणखी 40 सेंमी बाहेर असते, तिथे ती अजून 2 सेंमी खाली गेलेली. एकूण 45. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण एवढीच उंच असते. प्रत्येक वेळी खुर्चीवर एका पायाने चढून घरात शिरायचं, आणि रात्री दोन वाजता अंधारात त्या खुर्चीवरून उतरायचं.

आता तीच गाडी, तीच जागा, फक्त तोंड दक्षिणेला. दार आलं चढाच्या बाजूला, सुरूंकडे. पाचरी पलीकडच्या चाकांखाली गेल्या आणि पायरीखालची जमीन 2 सेंमी वर आली. उंची 33. एक दमडी खर्च न करता बारा सेंमी वाचले.

मग कुणी असं लावत का नाही? कारण फोटो! दार उघडलं की समोर समुद्र, हाच तर माल विकायला ठेवलेला असतो. आमच्या गाडीबरोबर कंपनीचा ड्रायव्हर होता. त्याला गाडी फिरवायला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, ऑफिसने दार समुद्राकडेच ठेवायला सांगितलंय." आणि पायरीखाली त्याने वाडीतला चिकूचा क्रेट उलटा करून ठेवला. क्रेट वाळूत एका बाजूने रुतला.

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. दुपारी चहा नको म्हणाली. संध्याकाळीही नको. रात्री पाण्याचा ग्लास तिने नुसता हातात धरला. शेवटी बायकोच्या लक्षात आलं: संडास वर गाडीत आणि मध्ये ती पायरी. चढावं लागू नये म्हणून बाई दिवसभर तहानलेली बसली होती, आणि आम्हाला वाटत होतं समुद्र बघतेय. त्यानंतर मी ऑफिसची वगैरे पर्वा केली नाही. गाडी फिरवलीच.

"कॅम्पिंग म्हणजे थोडं ऍडजस्ट करायचंच" असं म्हणणारे खूप भेटतात. ऍडजस्ट नेहमी कोण करतं, हे एकदा मोजून बघा. तिशीतल्या माणसाला 45 सेंमी म्हणजे काहीच नाही, तो उडी मारतो. लोकलच्या फलाटांबद्दलही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. जानेवारी 2014 मध्ये घाटकोपरला एक कॉलेजची मुलगी गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत पडली, दोन्ही हात गेले, तेव्हा कुठे फलाटांच्या उंचीचा विषय ऐरणीवर आला. शहरी बससाठी केंद्राने 2008 साली मानकं काढली, त्यात लो फ्लोअर म्हणजे 400 मिलिमीटर असं आकड्यात लिहिलं. आकडा लिहिला की भांडता तरी येतं. कॅम्परवाल्याशी कशावर भांडणार?

"विटा लावा ना खाली" हा दुसरा सल्ला. ओढायच्या पायरीला खालून विटांचा टेकू कधीच देऊ नका. ती गाडीच्या अंगाला लटकलेली असते. चार माणसं आत गेली की पाटे दबतात, गाडी दोनेक सेंमी खाली बसते आणि सगळा भार त्या पायरीच्या बिजागरावर येतो. खाली ठेवायचं ते वेगळं, गाडीला न टेकणारं. 45 ला 22-23 उंचीचं भक्कम, रुंद स्टूल ठेवलं की क्रम होतो 22, 23, 20, 20. एकसारखा. हा एकसारखेपणा उंचीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण दोन पायऱ्यांनंतर पाय न बघता पडतो आणि वेगळी असलेली पायरी माणसाला पाडते. उतरताना तर जास्तच.

स्टूल वाळूत थेट ठेवू नका. चार पायांचे चौकोन तीन बाय तीनचे धरले तर सत्तर किलोचा माणूस दर चौरस सेंमीला दोनेक किलो दाबतो. कडेवर पाय पडला की भार दोनच पायांवर, म्हणजे चार किलो. खाली 30 बाय 60 ची फळी टाकली तर हाच दाब एका किलोच्या विसाव्या भागाहूनही कमी. फळी वजनाला काही नाही, डिकीत कुठेही मावते. तरी गाडीबरोबर देत नाहीत. टीव्ही देतात.

क्रमही पाळा: आधी चढाच्या बाजूला दार, मग पाचरी, मग चाकांना पुढूनमागून अडण्या, आणि सगळ्यात शेवटी फळी आणि स्टूल. उतरताना गाडीकडे तोंड, हात दांड्यावर, आणि पायरीवर एक दिवा. तो दोऱ्यावर लटकणाऱ्यांतलाच काढून लावा, तिथे त्याचं काही अडत नाही.

झाईच्या कोळीवाड्यात एक चक्कर मारा. ओट्याला पायऱ्या बघा. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाई चढणार, हे बांधणाऱ्याला माहीत होतं. समुद्राचं म्हणाल तर गाडी फिरवल्यावर खुर्च्या पलीकडच्या बाजूला टाकल्या. पन्नास पावलं पुढे. सकाळी ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं, त्यामुळे गाडीच्या दारातून तसंही चिखलच दिसला असता. आईने दोन कप चहा घेतला.