कादंबरीचे नाटक करताना

शाळेत नाटकाची तयारी सुरू झाली की एक वाद ठरलेला असतो. पुस्तकातील गोष्ट घेतली तर ती शब्दशः मुलांच्या तोंडी घालावी, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. याबाबतीत आयरिश लेखक व कलावंत काय करतात, ते वाचकांनी पाहावे.

एमा डोनह्यू यांची ‘रूम’ ही कादंबरी २०१० साली आली. आईसह एका खोलीत कोंडलेला पाच वर्षांचा जॅक ती सांगतो. २०१५ च्या चित्रपटाची पटकथा आणि २०१७ साली लंडनमध्ये आलेले नाटक, दोन्ही लेखिकेनेच लिहिले. चित्रपटात जॅकचे निवेदन मोजकेच आहे. बाकीचे त्याचा चेहरा सांगतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहरा कसा दिसणार? म्हणून नाटकात लहान जॅकजवळ एक मोठा नट असतो आणि मुलाच्या मनातले तो बोलतो. माध्यम बदलले, तशी सांगण्याची रीतही बदलली.

क्लेअर कीगन यांची ‘फॉस्टर’ ही छोटी कादंबरीही २०१० चीच. नातेवाइकांकडे राहायला पाठवलेली मुलगी ती इंग्रजीत सांगते. कॉल्म बरेड यांनी २०२२ साली तिच्यावर ‘द क्वायट गर्ल’ हा चित्रपट केला, तो मुख्यतः आयरिश भाषेत. मुलीचे निवेदन त्यांनी काढूनच टाकले. तिचा बाप इंग्रजी बोलतो. तिला जीव लावणारे जोडपे आयरिश बोलते. संवाद न समजणाऱ्यालाही फरक जाणवतो. ज्या देशात आयरिश बहुतेकजण शाळेत शिकतात पण घरी फार थोडे बोलतात, तिथला हा चित्रपट २०२३ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोचला. आयरिश भाषेतील चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला.

आपल्या मॉरिशसमध्ये मराठीची स्थिती फारशी वेगळी नाही. मुले वर्गात मराठी शिकतात आणि घरी क्रिओल बोलतात. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या नाटकातील बाप दोन वाक्ये क्रिओलमध्ये बोलला, म्हणून गुण कापले गेले. परीक्षकांची भीती मी समजू शकते. क्रिओलला दार उघडले तर सोपे म्हणून सारे नाटक तिच्यातच होईल आणि मराठी नावापुरती उरेल. म्हणून कारणावाचून क्रिओल नको, हे मलाही मान्य आहे.

परंतु घरातले सर्वजण पुण्याच्या छापील नाटकासारखे बोलू लागले, तर मुले पाठांतर करतील. ते घर त्यांना आपले वाटणार नाही. बाप क्रिओल बोलला आणि आजी मराठी, तर आजीची मराठी कशासाठी आहे, हे नातवंडाला न सांगता कळेल.

यंदा माझ्या वर्गाचे नाटक तसेच बसवीत आहे. परीक्षकांनी शब्द मोजण्यापूर्वी एवढेच पाहावे: आजी बोलू लागली, तेव्हा मुलाने मान वर केली का?