वडील कशाने गेले?

लोह्यातील एखाद्या गृहस्थास त्याचे वडील कशाने गेले असे विचारले, तर ‘वय झाले होते’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. फार खोदून विचारले तर ‘लघवीचा त्रास होता, शेवटी कंबर धरली होती’ अशी पुस्ती जोडली जाते. सातबारा आणि सोयरिकी तोंडपाठ असणाऱ्या समाजाने आपल्याच माणसांच्या मरणाची कारणे विसरून जावीत, ही खेदाची गोष्ट होय. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या बाबतीत तर हा विसर जिवावर बेतू शकतो.

मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी ही ग्रंथी केवळ पुरुषांना असते. तिच्या कर्करोगाचे पहिले कारण वय. पन्नाशीपूर्वी तो विरळा, साठीनंतर मात्र त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. दुसरे कारण आनुवंशिकता. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल, तर धोका सुमारे दुप्पट होतो. आई-बहिणींच्या स्तनाच्या कर्करोगामागे कधी कधी बीआरसीए-२ या जनुकातील दोष असतो. तोच दोष मुलाकडे आला तर त्यालाही या रोगाचा धोका वाढतो. वय थांबवता येत नाही, कूळ बदलता येत नाही. तंबाखू सोडणे आणि स्थूलता टाळणे हिताचेच. पण तेवढ्याने अभय मिळत नाही. आपला धोका वेळीच ओळखणे एवढेच हाती उरते.

रात्री वारंवार उठावे लागणे हे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीचे लक्षण असते; ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट खरा रोग आरंभी मुकाच असतो. पीएसए ही रक्ततपासणी साध्या वाढीतही चढलेली दिसते. म्हणून ती सरसकट सर्वांनी करावी की नाही, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. परंतु ज्याच्या घरात हा रोग होऊन गेला, त्याने पंचेचाळिशीच्या सुमारासच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा हे उचित.

मराठवाड्याच्या वेशीवरील बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रोगाचा हिशेब ठेवता येतो, हे तिने दाखवून दिले. घराघरांतील हिशेब मात्र कोरा राहिला. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लोह्याहून काही फार दूर नाही. आड येते ती लाज. शाळेच्या दाखल्यावर इतरांच्या मुलांची जन्मतारीख बिनचूक लिहिणाऱ्या शिक्षकाने आणि कचेरीची दप्तरे राखणाऱ्या कारकुनाने आपल्या घरचेही एक पान लिहावे. वडील कशाने गेले, हे मुलाला ठाऊक असणे हाही त्याचा वारसाच आहे.