फो नाही मिळणार, बुन बो घ्या!

२०२२मध्ये मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी 'हनोई केलं, सायगाव केलं' अशी वाक्यं ऐकू यायला लागली. या मंडळींचं खाण्याचं प्रगतिपुस्तक मात्र एका शब्दाचं: फो. बॉस, फो मस्तच असतो, पण तो उत्तरेचा. अख्ख्या व्हिएतनामला फोच्या वाडग्यात बसवणं म्हणजे सगळा महाराष्ट्र वडापावात गुंडाळणं!

देशाच्या मध्यावर ह्वे नावाचं शहर आहे. नकाशावर 'हुए' वाचाल. १८०२ ते १९४५ ही गुयेन राजघराण्याची राजधानी. राजवाडा बघाच. पण त्याआधी, सकाळी सातला, गल्लीतली एखादी घरगुती खानावळ गाठा.

मी गाठली ती म्हणजे चक्क एका घराची पुढची खोली. मागे पूर्वजांचा देव्हारा, त्याला टेकून स्कूटर, पुढे गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं. पातेल्यापाशी आई, वाढायला मुलगा आणि सून, कोपऱ्यात पालेभाजी निवडत बसलेली आजी. मालकीणबाईंना सगळे 'को' म्हणतात. 'को' म्हणजे आत्या. अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारायची ही पद्धत आपल्याला शिकवावी लागत नाही. मीही दुसऱ्या मिनिटाला त्यांना आत्या करून टाकलं.

मेनू एकच: बुन बो ह्वे. बीफची हाडं आणि डुकराचे पाय तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यात गवती चहाच्या जुड्या. हो, आपण चहात घालतो तोच, फक्त इथे पातीपेक्षा दांड्याला मान. वर मिरची आणि शेंदरीच्या बियांच्या तेलाचा लाल तवंग. आणि खरं गुपित म्हणजे माम रुओक, आंबवलेला जवळा. नुसता हुंगलात तर पळून जाल. पण आत्याबाई तो पाण्यात कालवून गाळ खाली बसू देतात आणि फक्त वरची निवळ रश्श्यात सोडतात. वास जातो, चव राहते. नूडल्स फोसारख्या चपट्या नाहीत, गोल आणि जाडसर. सोबत बारीक चिरलेलं केळफूल, पुदिना, लिंबू. रक्ताचे घट्ट चौकोनही असतात. आपल्याकडची रक्ती खाणाऱ्याला त्याचं काय! नको असतील तर आधी सांगा.

मी ओरपत असताना दोन बॅकपॅकर्स आले. 'फो?' मुलाने आईकडे पाहिलं. आईने पळीवरची नजरही हलवली नाही. ते गेले.

'रोजचं आहे हे,' मुलगा मोडक्या इंग्रजीत म्हणाला. त्याचं गणित साधं होतं. पातेलं दहाला रिकामं होतं. मग दिवसभर खोली आणि स्टुलं पडून. दुपारी पर्यटकांसाठी फो ठेवला तर दानांगला शिकणाऱ्या बहिणीची फी निघेल. आईचं उत्तर त्यानेच भाषांतर करून सांगितलं, 'फो हवा त्याने हनोईची ट्रेन पकडावी.' हा धंदा आजीने खांद्यावर कावड घेऊन, दारोदार फिरून उभा केला. १९६८च्या टेट लढाईत हे शहर तीन आठवड्यांहून जास्त जळत होतं, तेव्हा बंद पडला आणि नंतर पुन्हा त्याच कावडीवर सुरू झाला. ती कावड अजून भिंतीला टांगलेली आहे.

मन आईच्या बाजूने, हे उघड आहे. पण मला बिल एकदाच द्यायचं होतं, घर त्यांना रोज चालवायचंय. मुलगा चुकीचं काही बोलत नव्हता.

तोडगा सुनेने काढला. सध्या दुपारी तीननंतर ती बान बेओ विकते. चिमुकल्या वाट्यांत वाफवलेली तांदळाची चकती, वर सुक्या कोळंबीचा चुरा आणि चरबीची कुरकुरीत कुटकी. शिवाय केळीच्या पानात वाफवलेला बान नाम. पान उघडलं की पानगीची आठवण होतेच, फक्त आत कोळंबी. हेही अस्सल ह्वेचंच, त्यामुळे आत्याबाई गप्प. खप? मी गेले त्या दिवशी निम्म्या वाट्या उरल्या होत्या. सून म्हणाली, पावसाळा गेला की बघू.

बुन बोचा वाडगा चाळीस हजार डाँगच्या आसपास पडतो. आकडा ऐकून दचकू नका, रुपयांत दीडशेच्या आतच. शाकाहाऱ्यांनो, ह्वे बौद्ध मठांचं शहर आहे. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी इथे घरोघरी शाकाहार चालतो, तेव्हा 'चाय' असा शब्द लिहिलेली पाटी शोधा. चहा नाही, त्याचा अर्थ शाकाहारी!

आणि कोल्हापूरकरांनो, टेबलावरची मिरचीची पेस्ट बघून हात शिवशिवतील. पहिले दोन घोट मात्र नुसत्या रश्श्याचे घ्या.